बुलेटचा पुढचा ब्रेक: सहा इंचांवरून सात इंचांवर

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीजेला ताईकडे पाचगणीला गेलो होतो. परतताना भाचा मागे बसला. पसरणी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. एका वळणापलीकडे विटांचा टेम्पो बंद पडून उभा होता. पुढचा ब्रेक दाबला, लिव्हर पार मुठीला टेकला, तरी गाडी चालतीच. तेवढ्यात उजवा पाय आपोआप खाली गेला.

ही १९८१ ची बुलेट आहे. हिचा ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्या. रोज कामावर नेतो त्या गाडीचं बरोबर उलटं आहे. त्यामुळे पायाने दाबला तो गिअर. जुन्या बुलेटला पहिला वर आणि बाकीचे तीन खाली पडतात, म्हणजे दुसऱ्याचा तिसरा पडला आणि इंजिनाने जी काही ओढ धरली होती तीही सुटली. डावा पाय ब्रेकवर गेला तेव्हा टेम्पोचं फाळकं जेमतेम हातभर लांब होतं. भाचा वाईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

आठवडाभर डोळ्यांसमोरून ते फाळकं हललं नाही. घरात ही गाडी आबा चालवतात, मी चालवतो, कधी चुलतभाऊ नेतो. आबा सोडले तर आम्हा सगळ्यांचे पाय नव्या गाड्यांवर तयार झालेले. पायाची सवय मोडायला वेळ लागेल. पण पुढचा ब्रेक जुन्या-नव्या सगळ्या गाड्यांना उजव्या हातातच असतो. घाबरलेला हात तोच दाबतो. तेव्हा तोच आधी भक्कम करायचा, असं ठरवलं.

आज एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर खडूने रेघ मारली. मोबाइलवर वेग बघून ताशी ४०, रेघेवर ब्रेक, फक्त पुढचा. तीनदा टेपने मोजलं: २२, २१ आणि २१ मीटर. हा आकडा इथे लिहून ठेवतो. पुढे जे काही करीन ते याच्याशी ताडून बघायचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

चाक उतरवलं. ड्रम (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची पोकळ वाटी) उघडण्याआधी ओलं फडकं घेतलं आणि आतली धूळ पुसून काढली. कॉम्प्रेसरची हवा मारली नाही, कुणी मारूही नये. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या अस्तरात, अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि या गाडीला कुठल्या काळातले लायनर आहेत हे आबांनाही आठवत नाही. फडकं पिशवीत बांधून टाकलं.

ड्रम सहा इंची. एकच कॅम, म्हणजे लिव्हर ओढला की वळून शू उघडणारा तुकडा, आणि दोन शू, म्हणजे लायनर लावलेल्या, ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी. पुढच्या शूचा लायनर निम्मा झिजलेला, मागचा जवळपास कोरा. गाडीला त्रेचाळीस वर्षं झाली, त्यात लायनर किती वेळा बदलले देव जाणे, पण दर वेळी झिजताना असाच एकतर्फी झिजला असणार. तो का, हे नीट समजलं की पुढचं सगळं समजतं, म्हणून सविस्तर लिहितो.

चाक पुढे फिरताना कॅमच्या बाजूने जो शू ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने उघडतो, त्याला ड्रम स्वतःच ओढून अंगाशी घेतो. तुम्ही शेरभर दाबा, तो सव्वाशेर चिकटतो. याला लीडिंग शू म्हणतात. दुसरा शू उलट दिशेने उघडतो, त्याला ड्रम लोटून देतो. तो ट्रेलिंग. ब्रेकचं दोन-तृतीयांशाहून जास्त काम लीडिंग शूच करतो. म्हणजे आमच्या पुढच्या चाकात दोन शू असून कामाचा एकच होता.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळीच मत देऊन आलो आणि आबांशी बसून निर्णय केला.

एक रस्ता डिस्कचा. नंतरच्या थंडरबर्ड, इलेक्ट्राला २८० मिलिमीटरची डिस्क यायची. हब (चाकाचा मधला भाग), कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटणारा), मास्टर सिलिंडर (हँडलवरची तेलाची डबी) आणि फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा, पाय असं सगळं जुन्या गाडीवर चढवणारे मिस्त्री आहेत. ब्रेक म्हणून डिस्क निर्विवाद सरस. तापली की फुगून पॅडकडेच येते, ड्रम तापला की मोठा होऊन शूपासून लांब जातो. पाणी पडलं तरी डिस्क लगेच सुकते. कुणी रोज हायवेवर बुलेट पळवत असेल तर त्याने डिस्कच लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा रस्ता नंतरच्या बुलेटना आलेल्या सात इंची ट्विन लीडिंग ड्रमचा. त्यात दोन कॅम असतात, प्रत्येक शूला आपला एक. दोन्ही शू लीडिंग. बाहेर दोन लिव्हर, मध्ये जोडपट्टी. केबलने एक ओढला की पट्टी दुसऱ्याला ओढते.

आबा म्हणाले, "डिस्क लाव, मी नाही म्हणत नाही. पण मग हँडलवर ती तेलाची डबी येणार, आणि रोज माझं लक्ष तिकडंच जाणार." ही गाडी त्यांनी पगारातून पैसे बाजूला टाकत घेतली आहे. त्यांना ती बघताना परकी वाटता कामा नये. आमचं फिरणं ताशी ५०-६० चं आहे. ड्रम नीट बसवला तर तेवढ्याला पुरेल. ट्विन लीडिंग ठरलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहाटेच्या एसटीने पुण्याला. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारीच भरतो, म्हणून रविवार गाठला. उन्हं वर यायच्या आत पोचलं तर माल बघायला मिळतो, नंतर गर्दीत नुसते धक्के. तीन ठिकाणी सात इंची हब दिसले. एकाच्या ड्रमला आतून चीर होती, नख फिरवल्यावर अडकलं. चीर गेलेला ड्रम कितीही स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही. तिसरा चांगला निघाला: हब, ब्रेक प्लेट, दोन्ही कॅम, जोडपट्टी सगळं एकत्र, बाराशे रुपयांत. कॅम हाताने फिरवून बघितले, बुशमध्ये खेळ नव्हता.

हब मांडीवर घेऊन साताऱ्यापर्यंत आलो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "मोटारीचं काय घेऊन चाललास बाळा?" ब्रेक म्हटल्यावर त्यांनी पिशवी सरकवून पायाशी जागा करून दिली.

१ डिसेंबर, रविवार

प्लेट फोर्कला लावून बघितली. ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर प्लेटही फिरू बघते, तिला अडवायला फोर्कच्या पायावर खुंटी असते आणि प्लेटला खाच. आमच्या पायावरची खुंटी आणि या प्लेटची खाच जुळेना. खुंटी कापून वेल्डिंग मारून देतो, असं एक जण म्हणाला. मी नको म्हटलं. ब्रेकचा सगळा जोर त्या एका खुंटीवर येतो, आणि ती सुटली तर प्लेट गरकन फिरून केबल तोडेल, चाक जागीच जाम होईल. नंतरच्या गाडीचा खालचा पाय पोवई नाक्याजवळच्या मिस्त्रींकडे पडून होता, तो घेतला. फोर्क उघडलाच आहे तर ऑइल सील आणि तेलही नवं टाकलं. काढलेलं तेल शाईसारखं काळं होतं.

८ डिसेंबर, रविवार

हब साताऱ्यातच लेथवर (कातकामाच्या यंत्रावर) देऊन ड्रम आतून साफ कापून घेतला. मग नवे स्पोक, जुनीच रिम, आणि मिस्त्रींनी चाक बांधून आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढला. रिम सुरेख फिरते. शूवर तयार लायनर चढवून घेतले.

१५ डिसेंबर, रविवार

सगळं बसवून पहिली चक्कर. मन खट्टू झालं.

लिव्हर दाबला की मुठीत टकटक जाणवतं, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा धरतं, एकदा सोडतं. ताशी ४० वरून १९ मीटर. सहा इंचांच्या जागी सात, एकाच्या जागी दोन लीडिंग शू, आणि मिळाले दोन मीटर. आबा काही बोलले नाहीत, चहा पुढे केला.

१८ डिसेंबर, बुधवार

आधी वाटलं स्टिअरिंगचे छर्रे ढिले असतील, तेही ब्रेक लावताना असंच ठकठकतात. पुढचं चाक उचलून फोर्क मागे-पुढे हलवला, खेळ नाही. मग मिस्त्रींकडून डायल गेज (केसभर फरकही सुईने दाखवणारं माप) आणला आणि ड्रमच्या आत टेकवून चाक हळूहळू फिरवलं. सुई पाव मिलिमीटर इकडून तिकडे.

ड्रम तर नुकताच कापलेला! मिस्त्रींना फोन केला तर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दादा, चूक माझी. हब आधी कापला आणि स्पोक नंतर ताणले. स्पोकनी ड्रम ओढला."

दोष एकट्या त्यांचा नाही, मलाही ते तेव्हा सुचलं नव्हतं. चाळीस स्पोक जेव्हा ताणले जातात तेव्हा ते हबची कड बाहेर ओढतात, आणि सगळ्यांचा ताण कधीच सारखा नसतो. गोल कापलेला ड्रम किंचित अंडाकार होतो. नजरेला कळत नाही, बोटाला कळत नाही. लायनरला मात्र पहिल्या फेऱ्यातच कळतं. म्हणून आधी चाक बांधायचं, आउट काढायचा, आणि मग अख्खं चाक लेथवर चढवून ड्रम कापायचा. हा क्रम कुठल्याही स्पोकच्या चाकाला लागू आहे, मग गाडी येझदी असो, राजदूत असो की आरएक्स १००.

२८ डिसेंबर, शनिवार

अख्खं १९ इंची चाक पोटात घेईल एवढा लेथ गल्लीतल्या दुकानांत नसतो. म्हणून कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरात जायचं मनात होतंच. या भागाने इंजिनं ओतली, शेतीची यंत्रं बनवली, इथे तुमचं काम ऐकून कुणी हसत नाही. टायर-ट्यूब काढलेलं चाक, ब्रेक प्लेट आणि जाड लायनर चिकटवलेले शू घेऊन सकाळी नऊला उभा होतो.

टर्नर साठीचे, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं. चाक हातात घेऊन त्यांनी आधी स्पोकवर पान्याने टिचक्या मारल्या, सगळीकडून आवाज सारखा येतोय का ऐकलं. दोन स्पोक अर्धा आटा घट्ट केले. मग बेअरिंगच्या घरात बसेल असा एक दांडा कापला, चाक त्यावर चढवलं आणि दांडा दोन्ही टोकांना धरला. ड्रमचा मध्य हा चाक फिरण्याच्या मध्याशीच जुळला पाहिजे, म्हणून बाहेरून जबड्यात धरलं नाही.

पहिल्या कापणीत हत्याराने ड्रमच्या अर्ध्याच भागाला स्पर्श केला. तिथे चकचकीत पट्टा उमटला, उरलेला अर्धा तसाच मळकट. पाव मिलिमीटर म्हणजे काय ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं. दुसरीत तो पट्टा वाढला, तिसरीत शेवटचा टिकलीएवढा काळा डाग राहिला, चौथीत तोही गेला. भुसा राखाडी, चुरचुरीत, बिडाचा असतो तसा. त्यांनी हात पुसला, मला म्हणाले, "फिरवा बोट." आत कुठेच काही लागेना. माप १७८.६ मिलिमीटर. सात इंच म्हणजे १७७.८, म्हणजे ड्रमने आयुष्यात मिळून फक्त ०.८ दिलं आहे.

मग शू. तयार लायनरचा गोलवा कारखान्यातल्या नव्या ड्रमचा असतो. कापलेल्या ड्रममध्ये तो मधोमधच टेकतो, दोन्ही टोकं उपाशी राहतात. म्हणून मी जाड लायनर चिकटवून नेले होते. त्यांनी शू प्लेटवरच बसवले, कॅम आणि शूच्या मध्ये पत्र्याची पातळ पट्टी घालून शू किंचित उघडे ठेवले, आणि प्लेटसकट फिरवून लायनर १७८.२ ला कापले. त्या वेळी तोंडाला रुमाल, वर ओलं पोतं. शेवटी प्रत्येक लायनरच्या आघाडीच्या कडेला कानशीने पाऊण सेंटिमीटर उतार दिला. ती कड खडी राहिली तर ब्रेक एकदम चावतो, आणि ट्विन लीडिंगमध्ये हा चावा दुप्पट लागतो.

निघताना विचारलं, ड्रमला हवेसाठी भोकं पाडली तर? बरेच लोक पाडतात. ते म्हणाले, "आमच्याकडं पाऊस किती पडतो ठाऊक आहे न्हवं?" विषय संपला.

५ जानेवारी २०२५, रविवार

ड्रमच्या आत खडू फासला, शू लावले, चाक हाताने फिरवत लिव्हर हलका दाबला आणि पुन्हा उघडलं. एका लायनरवर खडू टोकापासून टोकापर्यंत उमटला होता. दुसऱ्यावर मधला बोटभर भाग आणि एक कड. उमटलेल्या जागा काचकागदाने घासल्या, पुन्हा खडू, पुन्हा बंद. सातव्या वेळी दोन्ही लायनर पीठ चाळल्यासारखे सारखे पांढरे झाले. चार तास गेले आणि एकही मिनिट वाया गेलं असं वाटलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

आजचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक करतात ते. जोडपट्टी लावणे.

दोन्ही शू एकाच क्षणी ड्रमला टेकले तरच ट्विन लीडिंग. एक आधी टेकला तर दुसरा नुसता प्रवासी, आणि मग तो जुना सहा इंचीच बरा होता. जोडपट्टीची पिन काढून दोन्ही लिव्हर मोकळे केले. पहिला लिव्हर हाताने ओढून शू टेकवला आणि तिथेच धरून ठेवायला भाच्याला बसवलं. दुसरा ओढला, टेकल्याचा टणक अंदाज आला तिथे थांबलो. आता पट्टीचं भोक आणि लिव्हरचं भोक एका रेषेत यायला हवं. आलं नाही, दीड मिलिमीटर मागे. पट्टीचा आटा अर्धा-अर्धा फिरवत गेलो. पिन ढकलावी लागली तर चूक. ती स्वतःच्या वजनाने आत पडली पाहिजे. पाचव्यांदा पडली. चेक नट घट्ट, स्प्लिट पिन नवी.

चाकाचा नट आवळतानाही भाच्याला मुठीवरचा ब्रेक घट्ट दाबून ठेवायला लावला. तसं केलं की शू प्लेटला बरोबर ड्रमच्या मध्यावर ओढून बसवतात. नट आधी आवळून मग ब्रेक बघितला तर प्लेट केसभर बाजूला राहते आणि केलेली सगळी मेहनत पाण्यात.

केबल नवी घातली, आत तेल सोडून. जुन्या केबलचं वरचं कव्हर दाबल्यावर आकसत होतं, हाताचा निम्मा जोर तिथेच जिरत होता. मुठीच्या लिव्हरचा स्क्रूही बदलला, जुना मधोमध झिजून डमरूसारखा झाला होता.

चाक उचलून फिरवलं. ब्रेक सोडलेला असताना काहीच आवाज नाही. लिव्हर थोडा ओढल्यावर दोन्ही बाजूंनी एकदमच "सर्र".

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गावात तिळगुळाच्या निमित्ताने हळू हळू २५ किलोमीटर. टकटक पूर्ण गेली. लायनर अजून बसायचे आहेत, म्हणून जोरात दाबलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

दीडशे किलोमीटर झाले. तोच रस्ता, तीच खडूची रेघ, फक्त पुढचा ब्रेक, ताशी ४०. १३.५, १३ आणि १३ मीटर.

एकवीसचे तेरा. आणि त्यातला सुटे भाग बदलल्याचा वाटा, १५ डिसेंबरचा आकडा बघितला तर, दोनच मीटर. उरलेले सहा मीटर गोल ड्रमचे, खडूचे आणि त्या पिनेचे.

दुपारी यवतेश्वर घाट. चढताना एका ठिकाणी मुद्दाम थांबलो आणि फक्त पुढच्या ब्रेकवर गाडी धरली. ती मागे घरंगळू लागली. हे अपेक्षितच होतं: चाक उलटं फिरायला लागलं की दोन्ही लीडिंग शू एकदम ट्रेलिंग होतात. चढावर थांबताना डावा पाय मागच्या ब्रेकवर हवाच. घरी येऊन चुलतभावाला हे प्रत्यक्ष दाखवलं, नुसतं सांगून भागणार नव्हतं. उतारावर इंजिनाच्या ओढीवर उतरायचं हेही पुन्हा बजावलं. ड्रम शेवटी ड्रमच आहे, सलग घासत आणला तर तापणार आणि सुटणार.

९ फेब्रुवारी, रविवार

आबांना गाडी दिली. त्यांनी आधी उभ्या-उभ्या दोनदा लिव्हर दाबला, मग खाली वाकून जोडपट्टी बघितली, पिनेला बोट लावलं. कॉलनीला तीन फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीत फाटकासमोर थांबले तेव्हा पुढचा फोर्क छान खाली बसला आणि वर आला. "आता ही मान वाकवून थांबते," म्हणाले. पूर्वी ती नुसती सरकत जायची.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाचगणीहून येताना भाचा मागे, पसरणी घाट, दुसरा गिअर. त्याच वळणापलीकडे या वेळी म्हशी होत्या. दोन बोटांनी लिव्हर ओढला, गाडी थांबली, मुठीत आणि लिव्हरमध्ये अजून दोन बोटांची जागा शिल्लक होती. म्हशी जाईपर्यंत इंजिन चालू ठेवून उभे राहिलो. भाचा मागून म्हणाला, "मामा, पिन बसली."

संध्याकाळी ड्रम उघडून बघितला: दोन्ही लायनरचा रंग सारखा, कड कुठे जळलेली नाही. जोडपट्टी तपासली, फिरवावी लागली नाही. टूलबॉक्सच्या झाकणाला आतून मार्करने लिहिलं: ड्रम १७८.६, लायनर डिसेंबर २०२४, जोडपट्टी दर हजार किलोमीटरला बघणे. मागच्या ब्रेकचे शू पुढच्या रविवारी.